जुन्या बाह्या

वाडीत आमच्या खोल्यांखाली एका शिंप्याचं दुकान होतं. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. शाळेच्या सदऱ्याची कॉलर विरली की मामा ती उसवून, उलटवून पुन्हा शिवायचे. पैशांचं विचारलं की म्हणायचे, "ताईंच्या पुरणपोळीत वळते केले." आईच्या पोळ्या खाली दुकानात जायच्या वर्षातून एकदा, होळीला. कॉलर मात्र दोन-तीन महिन्यांनी विरायची.

1984 च्या डिसेंबरात, सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकत असताना, सहलीला जामनगरला गेलो. लाखोटा तलावाच्या कठड्यावरून लोक गाठिया उधळत होते आणि कुरव ते वरच्यावर झेलत होते. गुजरातीत कुरवाला धोमडो म्हणतात. नाव काळ्या डोक्याचा कुरव, पण हिवाळ्यात डोकं पांढरं. कानामागे काळा ठिपका तेवढा उरतो. त्यातला एक अगदी हाताच्या अंतरावर बसला. पाठ इतरांसारखीच राखाडी, पण पंखांवर तपकिरी पट्टा, शेपटीला काळी किनार, पाय लाल नव्हे, मळकट नारिंगी. मी वहीत चित्र काढलं आणि खाली ऐटीत लिहिलं: वेगळी जात.

घरी आल्यावर मामांनी वही पाहिली. चष्मा नाकावर घेतला, बोटानं पाठ आणि पंख चाचपल्यासारखं केलं.

"वेगळी कसली रे? अंग नवं शिवलंय, बाह्या जुन्याच ठेवल्यात."

ग्रंथालयात बसून पडताळलं. तेच होतं. पिल्लू घरट्यातून जी पिसं घेऊन उडतं, त्यातली डोक्याची नि अंगाची पिसं शरदापर्यंत बदलतात. उडायची आणि शेपटीची तीच राहतात. ती पुढच्या उन्हाळ्यात झडतात, तीही आतून बाहेर, क्रमाक्रमानं, म्हणजे उडणं थांबत नाही. दुसऱ्या हिवाळ्यात तो चारचौघांसारखा दिसतो. मोठ्या कुरवांना यासाठी चारेक वर्षं लागतात. पंखाची टोकं काळी असतात, कारण काळ्या रंगद्रव्यानं पीस चिवट होतं, झिजतं कमी. हे सांगितल्यावर मामांनी हातातला सदरा वर धरला. कोपरावर ठिगळ होतं.

मामा गेले, दुकानही गेलं. वही आहे. त्या पानावर खांद्यापाशी शिंप्याच्या निळ्या खडूची रेघ आहे, अर्धीअधिक पुसलेली. बाही कुठे जोडलीय ते त्यांनी आखून दाखवलं होतं.