घर कोणाचे?

पळस्प्याचा फाटा ठाऊक नाही असा कोकणी माणूस विरळा. मुंबईहून आलेला रस्ता येथे दुभंगतो. एक खंडाळ्याचा घाट चढून पुण्याकडे जातो, दुसरा पेण-महाडवरून गोव्याकडे. १९८९ साली न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाले आणि या परिसरात कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरांची रांग लागली, ती आजतागायत हललेली नाही. २०११ मध्ये गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचा पहिला टप्पा येथूनच निघाला. पळस्पे ते इंदापूर, चौऱ्याऐंशी किलोमीटर. त्यात कोणाचे अंगण गेले, कोणाची विहीर गेली. २०१३ पासून पनवेल तालुक्यातील अनेक गावे विमानतळाच्या प्रभावक्षेत्रात मोडू लागली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या विमानतळाचे उद्घाटनही झाले. या साऱ्याचा परिणाम असा की, ज्याच्यापाशी दोन गुंठ्यांवर गळके कौलारू घर आहे तोही कागदोपत्री लक्षाधीश ठरला. आणि कागदोपत्री लक्षाधीशाला कर्ज फार सहज मिळते.

म्हणूनच असेल, अलीकडे धर्मगुरुनिवासाच्या पायऱ्या चढणारे लोक एक नवा प्रश्न घेऊन येतात. पूर्वी विचारीत, “फादर, मुलाला कोणत्या शाळेत घालू?” आता विचारतात, “फादर, घर विकू का?” सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला व्याजबट्ट्याचे प्रकरण आम्ही शिकलो होतो. संत थॉमस अक्वायनस यांचे मत, मध्ययुगातील वाद, सारे पाठ होते. परंतु समोर बसलेल्या चाळिशीच्या माणसाचा हात थरथरत असतो, तेव्हा ते प्रकरण फारसे उपयोगी पडत नाही.

एका कुटुंबाची हकिकत त्यांच्या संमतीने सांगतो. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. ती माझ्या कानी पडली ती पापनिवेदनाच्या वेळी नव्हे, तर त्यांच्याच ओट्यावर, चहा पिताना. तेव्हा वाचकांनी निश्चिंत असावे.

वडील रसायनीच्या एका कारखान्यात कामाला होते. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या फंडातून त्यांनी दोन गुंठ्यांवर चार खोल्यांचे घर बांधले, दारात तुळशीवृंदावनाएवढा चौथरा करून त्यावर क्रूस उभारला, आणि मृत्युपत्र न करताच ते देवाघरी गेले. मागे पत्नी, एक मुलगा व दोन विवाहित मुली. मुलाने कर्ज काढून ट्रेलर घेतला. पहिली दोन वर्षे बरी गेली. मग एक अपघात, महिनाभर गाडी दुरुस्तीला, हप्ते थकले. हप्ते भरण्यासाठी बायकोचे दागिने सोनेतारणात गेले, ते सोडवण्यासाठी पतसंस्था झाली, आणि पतसंस्थेच्या तगाद्यासाठी फाट्यावरचा एक खाजगी सावकार. अखेर वित्त कंपनीने गाडी ओढून नेली आणि लिलाव करूनही बाकी दाखवली. मी पोहोचलो तेव्हाचा हिशेब असा होता: वित्त कंपनी आठ लाख, पतसंस्था चार, सोनेतारण तीन आणि सावकाराचे मुद्दल सहा. एकूण एकवीस लाख.

यांतल्या शेवटच्या सहा लाखांनी माणूस खचला होता. दर शेकडा दर महिना पाच. म्हणजे महिन्याला तीस हजार नुसते व्याज. पंचवीस महिने त्याने ते भरले. साडेसात लाख गेले आणि सहा लाख जागच्या जागी राहिले. गावात “पाच टक्के” असे सहज म्हणतात, बँकेच्या नऊ-दहा टक्क्यांपेक्षा स्वस्तच वाटावे असे! हे पाच वर्षाचे नसून महिन्याचे, म्हणजे वर्षाचे साठ, हे कोणी उच्चारीत नाही. व्याज थकून त्यावर व्याज चढू लागले तर सव्वा वर्षात रक्कम दुप्पट होते. “थांबलो तर जागेचा भाव वाढेल” असे जे म्हणतात त्यांना मी एवढेच विचारतो की विमानतळ आला म्हणून कोणती जमीन दर सव्वा वर्षाला दुप्पट होते?

त्या सावकाराने घर चाळीस लाखांना स्वतःच घेण्याची तयारी दाखवली होती. कोरे धनादेश आणि मुद्रांक कागदावरचा साठेकरार त्याच्यापाशी होताच. मुलगा मला म्हणाला, “फादर, आईची सही तेवढी घ्यायची आहे. तिला काय सांगू ते तुम्ही सांगा.”

माझ्या मते त्या घराचा खरा प्रश्न या वाक्यात होता. विकावे की न विकावे हे पुढचे. आधी, घर कोणाचे?

ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर मुलाचे नाव लागले होते, घरपट्टी तोच भरत होता. तेव्हा घर आपले अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. परंतु तो उतारा कर कोणी भरायचा ते सांगतो, मालकी ठरवत नाही. आपल्या महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलामुलींना सारखे. मुलगी लग्न होऊन गेली म्हणून तिचा वाटा जात नाही. म्हणजे या घराचे नऊ भाग केले तर तीन आईचे आणि दोन-दोन तिन्ही भावंडांचे. ज्याने कर्ज केले त्याचे नवांपैकी दोनच! आपल्याकडे बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेणे हा जणू रिवाजच होऊन बसला आहे. सणाला बोलावतात, जेवू घालतात आणि पानसुपारीबरोबर कागद पुढे करतात. बहीण प्रेमाने सोडत असेल तर ते तिचे औदार्य. पण कशावर सही करतो हे तिला न सांगता घेतलेली सही म्हणजे चोरीच, आणि पापनिवेदनात ती त्याच नावाने सांगावी लागेल.

जुन्या करारात लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात घर विकण्याविषयी फार बारकाईने सांगितले आहे. तटबंदीच्या नगरातले घर विकले तर ते सोडवून घेण्यास एक वर्षाची मुदत. पण तट नसलेल्या खेड्यातले घर शेताप्रमाणे मानावे, ते केव्हाही सोडवता यावे आणि योबेल वर्षी ते मूळ कुटुंबाकडे परत यावे. शहरातले घर मालमत्ता आहे, खेड्यातले घर पोट भरण्याच्या साधनाचा भाग आहे, हा भेद त्या प्राचीन कायद्याने जाणला होता. आणि विकण्याची पाळी आलेल्याच्या मदतीला कोणी यावे? जवळच्या नातलगाने. हिब्रू भाषेत त्याला ‘गोएल’ म्हणतात, सोडवणारा. रूथसाठी बवाज तो झाला. परमेश्वरालाही इस्राएल लोकांनी हेच नाव दिले. अनुवाद ग्रंथात तर आणखी एक नाजूक आज्ञा आहे: गहाण वस्तू घेण्यासाठी धनकोने ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे. आपल्या वसुली करणाऱ्यांनी एवढी एक आज्ञा पाळली तरी कितीतरी मुलांची झोप मोडणार नाही.

पण सोडवणाऱ्याला आधी कळायला हवे ना! या घरात आईला कर्जाचा आकडा ठाऊक नव्हता, बायकोला अर्धा ठाऊक होता, बहिणींना काहीच नाही. मी त्याला म्हणालो, “सही राहू दे. पुढच्या रविवारी मिस्सानंतर सगळ्यांना बोलाव, आणि वही घेऊन बैस.”

तो रविवार सोपा नव्हता. थोरली बहीण रडली. धाकटी रागाने उठून अंगणात गेली आणि बराच वेळ क्रुसापाशी उभी राहिली. आई मात्र शांतपणे म्हणाली, “मला वाटलं, तुला काही आजार झालाय.”

मग व्यवहाराला लागलो. आमच्या धर्मग्रामातील एका वकिलाने एक गोष्ट ध्यानात आणून दिली, ती वाचकांनीही ध्यानात ठेवावी. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमनाचा नवा कायदा आहे. परवान्यावाचून सावकारी हा गुन्हा आहे, आणि सावकाराला मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही. आपल्या आजोबांच्या तोंडी असलेला दामदुपटीचा न्यायच हा. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करायची. तक्रार करावी लागली नाही. वकिलाबरोबर एक बैठक होताच मुद्दलावर तोड झाली आणि कोरे धनादेश व साठेकरार परत मिळाले.

घर विकायचे ठरले. मीही त्याच बाजूचा होतो. घर विकणे म्हणजे पूर्वजांचा अपमान असे मानणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. विक्रीने कर्ज पुरते फिटते, डोक्यावर दुसरे छप्पर उरते आणि त्या छपराखाली निजणाऱ्या प्रत्येकाने होकार दिला आहे, तर विकावे. आणि लवकर विकावे, कारण घर बँकेकडे तारण असेल तर साठ दिवसांची नोटीस आल्यावर भाव आपण ठरवीत नाही. मात्र तोट्यातला धंदा आणखी सहा महिने चालवण्यासाठी घर विकू पाहणाऱ्या दुसऱ्या एका गृहस्थाला मी स्पष्ट नको म्हणालो. कर्जाचे भोक बुजलेले नसताना त्यात घर ओतणे व्यर्थ आहे.

गिऱ्हाईक चौपन्न लाखांचे मिळाले, सावकाराच्या भावाहून चौदा लाखांनी अधिक. आईचे अठरा, मुलांचे बारा-बारा. मुलाचे बारा आणि आईच्या वाट्यातले नऊ, यांत एकवीस लाख फिटले. धाकटीने आपले बारा लाख पूर्ण घेतले. तिच्या मुलीचे नर्सिंगचे शिक्षण चालू होते. नातेवाईक तिला नावे ठेवू लागले, तेव्हा मी त्यांना गप्प केले. सोडवणारा होणे ही कृपा आहे, पट्टी नव्हे. उरलेले पैसे बँकेत ठेवून भाड्याने राहू, असे एकाने सुचवले. आईने मान हलवली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला, ते या भागात कोणी विसरलेले नाही. ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. जमिनीचे पैसे त्याहून मोठे असतात.

येथे आपल्या धर्मग्रामांविषयी दोन शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. संत व्हिन्सेंट दि पॉल सोसायटी गरिबाला धान्य देते, औषध देते. पण स्वतःचे घर असलेला माणूस गरिबांच्या यादीत बसत नाही. त्याने मागायचे कोणापाशी? १९०९ साली छोटानागपुरात फादर जॉन हॉफमन या येशूसंघीयांनी आदिवासींसाठी कॅथलिक सहकारी पतसंस्था काढली. १९१८ मध्ये वसईत मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी बसीन कॅथलिक बँकेचे बीज रोवले. शेतकऱ्याच्या गळ्यातला सावकाराचा फास त्यांना दिसला होता. आज सभागृहाच्या फरशीसाठी आपण आठ महिन्यांत निधी उभारतो, आणि बाकावर शेजारी बसलेला माणूस साठ टक्क्यांनी पैसे काढतो ते आपल्याला त्याचे घर विकले गेल्यावर कळते.

आईचे नऊ लाख उरले होते. थोरलीने आपले बारा लाख त्यांत घातले आणि सुकापूरला जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली-स्वयंपाकघर घेतले, उद्वाहन नाही. करारनाम्यावर नावे दोनच, आईचे आणि थोरल्या मुलीचे. मुलाने ते आपणहून सुचवले. तो आता दुसऱ्याच्या ट्रेलरवर चालक आहे. घराला आशीर्वाद देण्यासाठी मी गेलो, तेव्हा आई वेदीसाठी भिंत शोधत होती. एका भिंतीला खिडकी, दुसरीला कपाट. शेवटी तिने ती शीतकपाटाच्या वर मांडली.

थोरलीने भावासाठी एक दोनशेपानी वही आणली आहे. तो दर महिन्याला तिला पाच हजार देतो, बिनव्याजी. ती तारीख घालून सही करते आणि त्याचीही सही घेते. बारा लाख फिटायला वीस वर्षे लागतील. वहीचे पहिले पान भरले आहे.