फीड पंप आणि तोंडाने ओढलेले डिझेल

जुन्या डिझेल ट्रकात टाकी चॅसीच्या कडेला, खालच्या अंगास असते आणि इंजेक्शन पंप, म्हणजे ठरल्या क्षणी मोजके डिझेल मोठ्या दाबाने नोझलकडे पाठवणारा पंप, तिच्याहून वर बसवलेला असतो. त्यामुळे डिझेल ओढून वर आणावे लागते, आणि हे काम ज्या लहान पंपाकडे असते त्याला गॅरेजात फीड पंप व पुस्तकांत लिफ्ट पंप म्हणतात. टाटाच्या ६९७ इंजिनावर, ज्याच्या क्रमांकातच सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर सामावलेला आहे, हा पंप इंजेक्शन पंपाच्याच अंगाला जोडलेला असतो. कॅमचा धक्का त्याच्या दट्ट्याला एका बाजूस सारतो, परंतु डिझेल फिल्टरकडे लोटण्याचे काम कॅम करीत नाही, ते दबलेली स्प्रिंग परतताना करते. म्हणून पुढचा दाब वाढला की दट्ट्या पुरता परतत नाही आणि पंप आपणहून हात आखडता घेतो. एवढ्याशा यंत्रात एवढा संयम भरून ठेवणाऱ्यांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

प्रस्तुत लेखकाला या पंपाची ओळख ज्या ट्रकामुळे झाली, तो त्याच्या वडिलांचा ट्रक नुकताच भंगारात गेला आणि पूर्वी कधीतरी काढून ठेवलेला एक फीड पंप तेवढा घरी उरला. त्याला अजून येणाऱ्या डिझेलच्या वासाबरोबर दर वेळी एकच प्रसंग आठवतो. कसारा घाटाच्या चढावर रात्री गाडीने एअर घेतली होती, म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा शिरून इंजिन बंद पडले होते. वडिलांचा तळहात फीड पंपाच्या माथ्यावरील हँड पंपावर होता, आणि टाकीपाशी उकिडवा बसलेला क्लीनर रबरी नळी तोंडात धरून डिझेल ओढत होता.

येथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे. रुडॉल्फ डिझेल याचे इंजिन १८९७ मध्ये ऑग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले, तेव्हा त्यात इंधन दाबाच्या हवेने फुंकले जाई, आणि त्यासाठी लागणारा अवजड कॉम्प्रेसर रस्त्यावरच्या वाहनाला परवडणारा नव्हता. बॉशने १९२७ पासून इंजेक्शन पंपांचे नियमित उत्पादन सुरू केल्यावर ट्रकाला डिझेल खऱ्या अर्थाने सोयीचे झाले. पुढे १९५१ मध्ये बंगळूरला स्थापन झालेल्या मायकोने ही पंपविद्या भारतात आणली आणि १९५४ पासून जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक निघू लागले. घाटातल्या त्या रात्री मात्र यातले काहीच कोणाच्या मनात नसावे. हँड पंप आधी पोकळ वाटत होता, फिल्टरवरच्या सैल केलेल्या स्क्रूपाशी पांढरा फेस येत होता, आणि बऱ्याच वेळाने दट्ट्या हाताला जड लागून फेसाच्या जागी स्वच्छ धार आली, तेव्हा वडिलांनी स्क्रू आवळला.

फीड पंप बदलणे हे काम अवघड नाही, पण ते नीट करणारे हात थोडे. भोवतालची माती आधी धुवावी, दोन्ही नळ्यांचे बँजो बोल्ट काढावेत, इंजिन किंचित फिरवून कॅमचा उंचवटा रोलरसमोरून बाजूला न्यावा, म्हणजे नवा पंप वाकडा न बसता सारख्या ओढीने बसतो; तांब्याचे वॉशर नवेच घालावेत आणि शेवटी हवा काढावी. दांडीपाशी झिजलेल्या पंपातून डिझेल आत झिरपून ऑइलमध्ये मिसळू शकते, म्हणून ऑइलची पातळी वाढलेली दिसल्यास ते बदलून घ्यावे.

राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्या रात्रीनंतर एका गॅरेजात पंप बदलला गेला आणि गाडी पुन्हा एअर घेतच राहिली, कारण दोष टाकीकडून येणाऱ्या नळीत, क्लिपखाली चिरलेल्या रबरात होता. पंपाच्या पुढची गळती ओली दिसते. मागच्या बाजूस ओढ असल्याने चिरेतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते आणि नळी कोरडीच राहते. स्वच्छ डिझेलचा डबा जवळ ठेवून त्यातून आखूड नळीने पंपाला डिझेल दिले आणि इंजिन सुरळीत चालले, तर पंप निर्दोष आहे हे थोड्या वेळात कळते. एवढी तपासणी न करता पंपावर दोष ढकलणे हा आळस आहे, आणि त्याचे पैसे गाडीमालकाला मोजावे लागतात.

त्याची मोठी किंमत क्लीनरने मोजली. तो तेव्हा लेखकाहून फारसा मोठा नव्हता. तो थुंकला, खोकला, हसला आणि पुन्हा नळी तोंडात धरून बसला, आणि हे त्याचे कामच आहे असे सर्वांनी गृहीत धरले होते. डिझेलचा थोडा अंश जरी श्वासावाटे फुप्फुसात उतरला तरी तेथे तीव्र दाह होतो, प्रसंगी जीवावर बेतते. ते पोटात गेल्यास ओकारी काढू नये, कारण तेच डिझेल वर येताना श्वासनलिकेत शिरू शकते, आणि म्हणून अशा माणसाला सरळ डॉक्टरकडे न्यावे. दाबून डिझेल खेचणारा हातपंप बाजारात स्वस्तात मिळतो. ट्रकमालकांनी तो गाडीत ठेवावा आणि कोणत्याही पोराच्या तोंडी नळी देऊ नये.