क्षणजीवी निरोप्या

नायट्रिक ऑक्साइड हे नाव चकली-चिवड्याबरोबर चघळण्याजोगे नाही, हे मला ठाऊक आहे. नायट्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू, एवढाच याचा संसार. आकाशात वीज कडाडली की हा वायू जन्मतो. मोटारींच्या धुरात असतो. आणि हवा लागली की त्याचा पिंगट, नाक जाळणारा दुसराच वायू होतो. असल्या व्रात्य कार्ट्याला आपल्या रक्तवाहिन्यांत कुणी मानाचे काम दिले असेल, हे शास्त्रज्ञांच्याही कितीतरी वर्षे ध्यानीमनी नव्हते.

आमच्या घरात तो आला हिच्या बटव्यातून. चार वर्षांपूर्वी जिना चढताना हिच्या छातीत कळ आली. तपासण्या झाल्या, आणि सुपारी-वेलदोड्यांच्या शेजारी एक लहानशी गडद काचेची बाटली येऊन बसली. कळ आली की गोळी जिभेखाली ठेवायची आणि स्वस्थ बसायचे. बाटलीवरचे नाव मी मोठ्याने वाचले : नायट्रोग्लिसरीन.

“म्हणजे सुरुंगातले?” मी म्हटले.

“अहो, मग दिवाळीत वेगळे फटाके आणायला नकोत!” ही म्हणाली. छातीवरचा हात मात्र तिने काढला नव्हता.

सुरुंगातलेच ते. १८४७ साली इटलीतल्या सोब्रेरोने हा द्रव प्रथम बनवला, चाखून पाहिला आणि त्याचे डोके ठणकू लागले. १८६७ साली आल्फ्रेड नोबेलने तोच द्रव एका मातीत मुरवून डायनामाइट केले. १८७९ साली लंडनच्या विल्यम मरेलने तो हृदयशूळावर औषध म्हणून वापरल्याचे प्रसिद्ध केले. पुढे नोबेललाच हृदयशूळ जडला, आणि डॉक्टरांनी नेमके हेच औषध सांगितले! दैवाची ही थट्टा त्याने १८९६ साली एका पत्रात नमूद केली आहे. त्याच वर्षी डिसेंबरात तो वारला.

औषध गुण देते ते कसे, हे मात्र शंभर वर्षे कुणाला कळले नाही. १९७७ साली फेरिद मुराद यांनी दाखवले की, अशा औषधांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतो. इकडे रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या रक्तवाहिनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करीत होते. एकच रसायन कधी पट्टी सैल करी, तर कधी आवळी. शेवटी उलगडा झाला : जिथे आतले नाजूक अस्तर खरवडले गेले होते, तिथे पट्टी सैल होत नव्हती. म्हणजे निरोप अस्तराकडून येत होता. हा १९८० सालचा शोध. आणि निरोप्या म्हणजे आपला हा वायूच, हे १९८६ साली फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांनी मांडले. १९९८ साली तिघांना पारितोषिक मिळाले, तेही नोबेलच्याच नावाचे.

या निरोप्याची चाल मला फार आवडते. पेशीच्या भिंतीशी त्याला कडी वाजवावी लागत नाही. तो आरपार जातो, स्नायूला ‘सैल हो’ म्हणतो आणि काही सेकंदांत विरून जातो. उद्याचे काम त्याच्या माथी नसते.

पण वाटेत सुपरऑक्साइड गाठ पडला तर? हा म्हणजे एक जादा इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारा ऑक्सिजन. त्याला आवरायला शरीरात पहारेकरी असतात, पण तंबाखूचा धूर, मधुमेह, वाढलेला रक्तदाब यांनी त्याची संख्या फुगते. मग दोघांची गाठ पहारेकऱ्यांच्या आधी पडते, आणि पेरॉक्सिनायट्राइट नावाचे जळजळीत द्रव्य बनते. निरोप तर बुडतोच, वर प्रथिने आणि चरबी करपतात. याहून वाईट म्हणजे, निरोप्या घडवणारे विकरच अशा वेळी बिघडते आणि सुपरऑक्साइड सोडू लागते. कुंपणाने शेत खावे तसे!

यावर उपाय म्हणून भाच्याने परदेशातून जीवनसत्त्व ‘ई’चा भला मोठा डबा आणला. त्याचे प्रेम मी जाणतो. पण २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे साडेनऊ हजार माणसांवर हे जीवनसत्त्व साडेचार वर्षे वापरून पाहिले, तेव्हा हृदयाला फायदा दिसला नाही. शिवाय ही तापट रेणूमंडळी नुसती नासधूस करीत नाहीत. आपल्या पांढऱ्या पेशी त्यांनाच हत्यार करून जंतू मारतात. डबा फडताळात आहे.

डॉक्टरांनी सांगितलेला उपाय बिनपैशाचा आहे. चालताना रक्त वेगाने वाहते, अस्तराला घासते, आणि त्या घासण्यानेच अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते. म्हणून रोज पहाटे आम्ही दोघे नदीच्या घाटापर्यंत जातो. ही पुढे, मी मागे. बटवा माझ्या खिशात असतो, आणि चढ आला की मी बाटली चाचपतो.

“दमलात का?” ही विचारते.