प्रभूच्या मेजाशी

नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं आणि त्याची तयारी आमच्या स्वयंपाकघरात शनिवारीच सुरू व्हायची. मंडळीसाठी द्राक्षरस करण्याचं काम आईकडे होतं. काळे मनुके दोन-तीन पाण्यांनी धुऊन ती कोमट पाण्यात भिजत घालायची. रात्रभरात ते टम्म फुगायचे. पहाटे पातेलं मंद आचेवर चढायचं, मनुके मऊ झाले की ती ते हातानं कुस्करायची आणि मलमलच्या फडक्यातून रस गाळायची. फडकं पिळताना बोटांच्या पेरांना चढलेला जांभळट रंग उपासनेत गीतांचं पुस्तक धरलेल्या तिच्या हातांवरही दिसायचा. मग पावाच्या कडा काढून पांढरे चौकोनी तुकडे व्हायचे. कडा आम्हा भावंडांच्या वाटणीला यायच्या, चहात बुडवून खायला. तुकडे मेजावर जायचे.

मंडळीत तबक बाकावरून सरकत यायचं. लाकडी तबकाला भोकं आणि त्यांत काचेचे इवले इवले पेले. आई एक पेला उचलायची आणि तबक माझ्या डोक्यावरून पलीकडच्या बाईंच्या हातात जायचं. घरी पातेल्याच्या तळाशी उरलेला रस मी बोटानं चाटलेला असायचा, तरी पेल्यातला रस काही निराळाच असणार याची मला खात्री होती. आई म्हणायची, "मोठी झालीस की मिळेल." विश्वासात मोठं होणं म्हणजे काय, हा प्रश्न मला असा मेजापाशी भेटला. पुढे तो जेव्हा जेव्हा भेटला, तेव्हा त्याच मेजापाशी भेटला.

आमची मंडळी मूळची अमेरिकन मराठी मिशनची. हे मिशन १८३१ साली नगरला आलं. त्याच्या मंडळ्या पुढे १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये सामावल्या. शिकवण्याची, वाचायला लावण्याची मिशनची सवय मात्र आमच्या गावात टिकून होती. दृढीकरणाच्या वर्गात पाळकसाहेब दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना आणि विश्वासांगीकार घोटून घ्यायचे. वचनं पाठ म्हणण्यात मी शब्बाथ शाळेच्या दिवसांपासून पुढे होते. दृढीकरण झालं, तबक माझ्यासमोर थांबलं आणि मी पेला ओठांना लावला. चव घरच्या पातेल्यातलीच होती. शेजारी आई डोळे मिटून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला अजून मिळायचं होतं, एवढं त्या वयातही कळलं.

कॉलेजसाठी पुण्याला गेले तेव्हा तरुणांच्या एका प्रार्थना गटात मिसळले. रात्र-रात्र प्रार्थना, उपवास, पवित्र शास्त्राचा पद्धतशीर अभ्यास. त्या दिवसांचं माझ्यावर ऋण आहे, कारण विश्वास ही वडिलोपार्जित मिळकत नसून प्रत्येकानं स्वतः कसायची जमीन आहे, हे मी तिथे शिकले. आमच्यात वाढीची चर्चा सतत चाले. कोण किती वेळ प्रार्थना करतो, कुणाला कोणतं दान मिळालंय, कुणाला किती वचनं मुखोद्गत आहेत, यावरून कोण किती परिपक्व ते ठरे. अशातच करिंथकरांस पौलानं लिहिलेलं पहिलं पत्र आम्ही अध्यायामागून अध्याय वाचायला घेतलं आणि माझ्या मनातला प्रश्न एकदम वेगळीकडे वळला.

करिंथची मंडळी दरिद्री नव्हती. ज्ञान, वक्तृत्व, अन्य भाषा, संदेश, सगळी दानं तिथे होती, आणि पौल ती पत्राच्या सुरुवातीलाच मोकळेपणानं मान्य करतो. तरीही तिसऱ्या अध्यायात तो त्यांना तान्ही बाळं म्हणतो. तुम्हाला जड अन्न पचणार नाही म्हणून दूधच पाजावं लागलं, असं सांगतो. कारण काय? त्यांचा हेवा आणि त्यांची भांडणं. कुणी स्वतःला पौलाचा म्हणवत होता, कुणी अपुल्लोसचा. पुढे अकराव्या अध्यायात हे बाळपण उघडं पडतं ते नेमकं मेजाशी. खाऊनपिऊन सुखी असलेले आधीच येऊन आपलं आपलं जेवण उरकत, आणि ज्यांच्या घरी काही नव्हतं ते उपाशी राहत. एक भुकेला, दुसरा पिऊन तर्र. पौल म्हणतो, हे प्रभूचं भोजनच नव्हे. आणि मग तो प्रत्येकाला स्वतःची परीक्षा करायला सांगतो. लहानपणची रीत टाकून प्रौढ होण्याबद्दलचे त्याचे प्रसिद्ध उद्गार याच पत्रात, प्रीतीच्या अध्यायात आहेत. आम्ही तो अध्याय लग्नात वाचतो. पौलानं तो भांडकुदळ मंडळीला लिहिला होता.

तेव्हापासून मला वाटत आलं आहे की, आत्मिक परिपक्वता माणूस देवाबद्दल किती बोलतो यात कळत नाही. तो कुणाशेजारी बसून जेवू शकतो, यात ती कळते. हे सोपं नाही, आणि एकदा जमलं की कायमचं जमलं असंही नाही. पेत्र तीन वर्षं प्रभूबरोबर फिरला. कर्नेल्याच्या घरी परराष्ट्रीयांवर, म्हणजे यहुदी नसलेल्यांवर, पवित्र आत्मा उतरलेला त्यानं डोळ्यांनी पाहिला. तरी पुढे अंत्युखियात, यरुशलेमेहून काही माणसं आल्यावर, तो परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून उठला. पौलानं त्याला सर्वांदेखत जाब विचारला, तो गलतीकरांच्या पत्रात नोंदलेला आहे. एवढा मोठा प्रेषित घसरला तो ताटावरून. हे वाचून मला धीर येतो आणि धाकही वाटतो.

आपल्या मराठी मातीत तर ताटाचा प्रश्न केवढा खोल! नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा झाला १९०० साली, राहुरीला. मधल्या वर्षांत त्या कशाकशातून गेल्या, ते त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लपवाछपवी न करता लिहिलं आहे. नवरा ख्रिस्ती झालेला, आणि त्या आपलं सोवळं जपत, वेगळं शिजवत राहिलेल्या. जातिभेद देवानं केला नाही, तो माणसांनी केला, हे त्यांना कुणी वादात हरवून पटवलं नाही. त्या स्वतः विचार करत करत तिथवर आल्या. त्यांच्याबाबतीत सोवळं आधी सुटलं आणि बाप्तिस्मा नंतर झाला. पुढे त्यांच्या घरात किती तरी पोरकी मुलं राहिली, जेवली, वाढली. टिळकही बाप्तिस्म्याशी थांबले नाहीत. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा होती. बाप्तिस्म्याला बावीस वर्षं झाल्यावरही त्यांचं मेज रुंदावतच होतं.

पंडिता रमाबाईंची गोष्टही मी पुन्हा पुन्हा आठवते. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे कितीतरी वर्षांनी, १९०७ साली, त्यांनी आपली साक्ष लिहिली. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनी तीत सांगितलं. त्या आठ वर्षांत त्यांनी अमेरिकाभर व्याख्यानं दिली होती, मुंबईत शारदा सदन उघडलं होतं. जगाच्या लेखी त्या मोठ्याच होत्या. तरी आतल्या उपाशीपणाला त्यांनी नाव दिलं. पुढे १८९६-९७च्या दुष्काळातून त्यांनी शेकडो मुली उचलून आणल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. आणि संस्कृतातल्या त्या महापंडितेनं उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून, कमी शिकलेल्या बायाबापड्यांना कळेल अशा सोप्या मराठीत अवघ्या बायबलचं भाषांतर केलं. त्याची छपाई मुक्तीच्या छापखान्यात, तिथल्याच मुलींच्या हातांनी झाली. ज्ञान ज्यांच्यापर्यंत कधी पोहोचलंच नाही, त्यांच्या ताटात ते वाढून देणं, ही मला रमाबाईंच्या परिपक्वतेची खूण वाटते.

मोठ्यांची चरित्रं वाचून मी जे समजून घेत होते, ते प्रत्यक्ष पाहिलं आमच्याच गावच्या मंडळीत. पप्पांचा आणि भावकीतल्या एका गृहस्थांचा शेताच्या बांधावरून वाद होता. प्रकरण कोर्टात गेलेलं. दोन्ही घरं एकाच मंडळीतली, पण बसायची बाजू वेगळी, फाटकातून बाहेर पडायची वेळही वेगळी. मी सुट्टीत घरी आले होते आणि रविवार प्रभुभोजनाचा होता. पाळकसाहेबांनी स्वतःची परीक्षा करण्याविषयीचं वचन वाचलं आणि नेहमीप्रमाणे थोडा वेळ शांतता राहिली. त्या शांततेत पप्पा उठले. मधली वाट ओलांडून पलीकडच्या बाकापाशी गेले आणि त्या गृहस्थांचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. काही बोलले असतील तर ते आमच्यापर्यंत आलं नाही. ते गृहस्थ थोडे सरकले आणि पप्पा तिथेच बसले. त्या दिवशी दोघांनी एकाच तबकातले शेजारशेजारचे पेले उचलले.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "मग केस काढून घेणार का?"

पप्पा म्हणाले, "बांधाचं कोर्ट बघेल. माणसाचं मला बघायचंय."

केस चालूच राहिली. पण तारखेला दोघं एकाच एसटीनं तालुक्याला जायला लागले. त्यांच्या घरी आजारपण आलं तेव्हा दवाखान्यात डबा आमच्याकडून गेला. निकाल लागला तेव्हा कुणीही पेढे वाटले नाहीत. पप्पांचं शिक्षण बेताचं होतं. त्र्यैक्याचा सिद्धांत त्यांना नीट मांडता आला नसता. माझ्या पुण्याच्या गटात त्यांनी तोंड उघडलं नसतं. पण वेदीवर दान ठेवण्याआधी भावाशी समेट कर, हे डोंगरावरच्या प्रवचनातलं सांगणं त्यांनी जसंच्या तसं केलं, तेही स्वतःचा हक्क न सोडता आणि मनात काही न ठेवता. पौल ज्याला जड अन्न म्हणतो ते हेच असणार, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

आईचं शेवटचं आजारपण घशाचं होतं. हळूहळू तिचं जेवण पेज, दूध, सरबत एवढ्यावर आलं. द्राक्षरस आता मी करत होते. पाळकसाहेब घरी प्रभुभोजन घेऊन आले की पावाचा कण रसात पूर्ण विरघळेपर्यंत बुडवून मी तो चमच्यानं तिच्या ओठांशी न्यायचे. शरीर पुन्हा तान्ह्या बाळासारखं दुधावर आलं होतं, पण तिचा विश्वास जड अन्न पचवत होता. ती सदा हसतमुख होती असं मी म्हणणार नाही. वेदना वाढल्या की ती देवाला जाब विचारायची. स्तोत्रकर्ते विचारतात तसंच, आडपडदा न ठेवता. एकदा म्हणाली, "इतकी वर्षं तुझं ऐकलं, आता तू ऐक." आणि तेवढं बोलून झालं की ज्यांच्यासाठी ती रोज प्रार्थना करायची, ती नावं घेऊ लागायची. त्यात आम्ही होतो, पाळकसाहेब होते, तिचं अंथरूण बदलणाऱ्या, आमच्या धर्माच्या नसलेल्या मावशी होत्या, आणि बांधापलीकडचं सगळं कुटुंब होतं. आवाज जाईपर्यंत ती यादी एका नावानंही कमी झाली नाही. देवाशी भांडण्याइतकी जवळीक आणि त्या भांडणातही दुसऱ्यांची नावं न विसरणं, हे दोन्ही तिच्यात एकत्र नांदत होतं. लहानपणी तिच्या मिटल्या डोळ्यांत मी जे पाहिलं होतं, त्याचा अर्थ मला तिच्या उशाशी उलगडला.

आता दृढीकरणाच्या वर्गाला मी शिकवते. मुलं हुशार आहेत, मोबाइलवर त्यांना हवं ते वचन क्षणात सापडतं. पाठांतर मी सोडलेलं नाही, कारण संकटात माणसाच्या कामी तेच येतं, हे मी पाहिलं आहे. शास्त्र समजून घेणं, शंका विचारणं, एकांतात प्रार्थना करणं, यांना पर्याय नाही. रमाबाईंना आणि लक्ष्मीबाईंना विचार केल्याशिवाय काहीच मिळालं नव्हतं. पण आमच्या मंडळ्यांमध्ये मिळकतीचे वाद आहेत, निवडणुकांतली गटबाजी आहे, लग्नं ठरवताना जुन्या जातींची कुजबूजही आहे. अशा वेळी मुलांच्या हाती नुसतं ज्ञान दिलं, तर आपण नगर जिल्ह्यात नवं करिंथ वसवू. इफिसकरांच्या पत्रात पौल ख्रिस्ताच्या पूर्णतेपर्यंत वाढण्याविषयी लिहितो तेव्हा तो एकेकट्या साधूचं चित्र काढत नाही. आपण सर्व मिळून तिथवर पोहोचू, असं तो म्हणतो. आणि हाच पौल तुरुंगातून फिलिप्पैकरांना कळवतो की, मी अजून पोहोचलेलो नाही, धावतो आहे.

म्हणून पहिल्या प्रभुभोजनाआधी मी प्रत्येक मुलाला एक काम देते. मंडळीतल्या ज्या घरी आपल्या घरचं कुणी जात नाही, त्या घरी एक संध्याकाळ जाऊन यायचं. चहा दिला तर प्यायचा, जेवायचा आग्रह झाला तर जेवायचं. आल्यावर माझ्यापाशी अहवाल द्यायचा नाही. काही पालक नाराज होतात, काही मुलं आईला बरोबर घेऊन जातात. वचनं म्हणून दाखवा, प्रश्न विचारा, प्रार्थनेत वेळ घालवा, यातलं काही सोडू नका, असं मी त्यांना सांगतेच. पण ख्रिस्तात आपण किती वाढलो हे कधी पाहावंसं वाटलं, तर ज्याच्याशी बोलणं टाकलंय त्याच्या दारापर्यंत चालत जा आणि आत बोलावलं तर जेवायला बसा.