पडौकाचे मेज

अंदमान बेटांविषयी कोणी ममतेने बोलू लागला, की आपल्याकडील श्रोत्यांच्या मुद्रेवर एक प्रकारचे अवघडलेपण उमटते, आणि ते अगदीच अकारण आहे असे मला म्हणवत नाही. कारण ज्या भूमीवर 1858 सालापासून माणसांना बेड्या घालून उतरविण्यात आले, आणि जेथील कारागृहात सावरकर बंधूंना कोलू ओढावा लागला, त्या भूमीविषयी ‘तेथे माझे दिवस फार सुखात गेले’ असे म्हणणे स्मशानातील हवेची वाखाणणी करण्याइतकेच अनुचित वाटते. परंतु माझे दिवस तेथे सुखात गेले, ही वस्तुस्थिती आहे. ज्या बैठ्या मेजावर हा मजकूर लिहीत आहे, ते मेज त्या वस्तुस्थितीचा जिवंत पुरावा म्हणता येईल. ते पडौकाच्या लाकडाचे आहे आणि त्याच्या एका कडेला, तासूनही न गेलेली, सरकारी हातोड्याच्या छापाची पुसट खूण आहे.

पडौक हा आपल्या कोकणातील बिवळ्याचा सख्खा नसला तरी चुलत भाऊ खास. रक्तचंदनही त्याच कुळातले. माझ्या आजोबांना मधुमेहाची व्यथा होती, आणि त्यांच्या उशाशी बिवळ्याच्या लाकडाचा एक पेला सदैव पाण्याने भरून ठेवलेला असे. रात्रभरात त्या पाण्याला मधाचा रंग चढे, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात पेला धरला की काठाशी मोरपिसातल्यासारखी निळी झाक उमटे. पाण्याने आजोबांच्या व्याधीला कितपत उतार पडला, हे वैद्यच जाणे. आम्हां मुलांचे लक्ष मात्र त्या निळाईवर असे. पुढे बंगालच्या उपसागरापलीकडे ती पुन्हा दृष्टीस पडेल, अशी कल्पना तेव्हा कोणाला असणार?

वनखात्याच्या हिशेबी शाखेत माझी बदली पोर्ट ब्लेअरला झाली, ते साल 1966. हुकूम हाती पडताच घरात जी रडारड झाली, तीवरून मी नोकरीवर नव्हे, जन्मठेपेवर निघालो आहे, असा कोणाचाही समज व्हावा. मद्रासहून बोट सुटली की तीन-चार दिवस पाण्याखेरीज काही दिसत नसे; आणि मग एका पहाटे क्षितिजावर हिरवीगार टेकाडे उगवली, ती इतकी हिरवी, की कोकणात वाढलेल्या माणसालाही क्षणभर डोळे चोळावेसे वाटावेत.

माझे दप्तर चॅथमला होते. चॅथम हे पोर्ट ब्लेअरलगतचे चिमुकले बेट, मुख्य बेटाला पुलाने जोडलेले; आणि ते बेट म्हणजेच 1883 साली उभारलेली सरकारी लाकूड-गिरणी. महायुद्धात येथे बॉम्ब पडून गिरणीची वाताहत झाली होती, आणि त्याचा खड्डा अजून दाखवीत असत. अरण्यात तोडलेले ओंडके हत्तींकडून ओढवून किनाऱ्यावर आणावयाचे, तेथून तराफे बांधून लाँचींनी समुद्रातून ओढीत चॅथमला पोहोचवावयाचे, मग त्यांची मोजणी, नोंद आणि चिराई, असा क्रम होता. आणि या साऱ्या रवानगीचा जमाखर्च ठेवणे हे आमचे काम. गर्जनाची फळी रेल्वेच्या स्लीपरांसाठी आणि प्लायवूडसाठी जाई, तिच्यात मन रमण्यासारखे काही नव्हते; परंतु पडौकाचा ओंडका करवतीखाली आला, की कारकूनसुद्धा लेखणी खाली ठेवून दाराशी येत. बाहेरचा फिकट थर बाजूला पडताच आतून जो गाभा निघे तो थेट कुंकवाच्या रंगाचा, त्यावर काळपट रेषांची वळणे. आणि जेथे झाडाच्या अंगावर आवाळू असेल, तेथे तर त्या रेषा अशा भोवंडून जात, की ती फळी मेजाला लावावी की भिंतीवर टांगावी, असा प्रश्न पडावा. गिरणीच्या आवारात लाल भुशाचे ढीग साचत. पाऊस तेथे मे महिन्यात जो सुरू होई तो थेट वर्षाअखेरीपर्यंत कमीअधिक मानाने चालूच. एकदा असाच पाऊस थांबून ऊन पडले असता, भुशाजवळच्या एका टमरेलात साचलेल्या पाण्यावर मला ती निळी झाक दिसली, आणि आजोबांच्या उशापासून मी किती लांब आलो आहे याचा, किंवा फारसा लांब आलेलो नाही याचा, एकाएकी उमज पडला.

मेज करून देणारे मिस्त्री ‘लोकल बॉर्न’ होते, म्हणजे तेथेच जन्मलेले, कैद्यांच्या वंशातील. त्यांचे आजोबा संयुक्त प्रांतातून बेड्यांसह आले. पुढे चांगल्या वर्तणुकीमुळे त्यांना वसाहतीत जमीन कसण्याची परवानगी मिळाली आणि तेथील स्त्री-कैद्यांपैकी एकीशी त्यांचा विवाह झाला. असे कितीतरी विवाह धर्म-जात न विचारता झाले, आणि त्यातून एक निराळाच, हिंदुस्तानी बोलणारा समाज निर्माण झाला. तो पाहिला, की आपल्याकडील समाजसुधारकांनी शतकभर केलेली व्याख्याने काहीशी फिकी वाटू लागतात, हे माझे प्रांजळ मत आहे. आजोबांचा गुन्हा कोणता, असे मी भीतभीतच विचारले, तेव्हा मिस्त्रींनी रंधा थांबविला नाही. ‘साहेब,’ ते म्हणाले, ‘तुमच्या आजोबांनी गाव का सोडले नाही, हे तुम्हांला कोणी विचारते का?’

आमच्या कन्येचा जन्म पोर्ट ब्लेअरच्या गोविंद वल्लभ पंत इस्पितळात झाला. हे इस्पितळ 1963 साली सेल्युलर जेलच्या आवारातच निघालेले. 1906 साली पुऱ्या झालेल्या त्या तुरुंगाच्या सात शाखांपैकी तीनच उरल्या होत्या. बाकीच्या पडल्या, पाडल्या गेल्या, आणि त्यांच्या जागी माणसे जन्मास येऊ लागली. माझ्या मातुःश्रींना हे पत्राने कळविले, तेव्हा उलट टपालाने, म्हणजे बोट येईल तेव्हा, अंगारा आला. पुढे शाळेत, पासपोर्टाच्या कचेरीत, जेथे जेथे जन्मस्थळ लिहावे लागे तेथे तेथे कोणीतरी कारकून मान वर करून ‘काळे पाणी?’ असे विचारीच, आणि आमची कन्या मोठ्या अभिमानाने ‘हो’ म्हणे.

बोटीचा दिवस हा तेथील खरा सण. बटाटे, कांदे, पत्रे, वर्तमानपत्रांचे जुने गठ्ठे, सारे बोटीने येई; बोट लांबली की ॲबर्डीन बाजारातील भाजीवाल्यांची बसकणे रिकामी पडत आणि आम्ही नारळ व मासळी यांवर निर्वाह करीत असू, ज्याबद्दल तक्रार करणारा मी शेवटचा मनुष्य. परसात भाजी लावावी, तर जपानी अमदानीत आणलेल्या आफ्रिकी गोगलगायी ती एका रात्रीत फस्त करीत. घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचे, म्हणजे मिर्झापूरच्या मध्यान्हीचे, आणि सूर्य मात्र आमचा स्वतःचा, त्यामुळे हिवाळ्यात कचेरी सुटते न सुटते तोच, पाचच्या सुमारास, अंधार पडे. त्या लांबलचक संध्याकाळी मी मेजावर कंदील ठेवून घरी पत्रे लिही, पत्नी पाळण्याची दोरी ओढी, आणि रॉस बेटाच्या दिशेने समुद्राचा आवाज येत राही. एवढ्यात सुख सामावते, असे कोणी सांगितले असते तर मी ते पूर्वी मानले नसते.

अर्थात आम्ही ज्या अरण्याचा जमाखर्च लिहीत होतो, ते आमचे नव्हते. तेथील मूळच्या जारवा आदिवासींचा उल्लेख आमच्या दप्तरात यावयाचा तो केवळ कामास पोहोचणारा उपद्रव म्हणून. कैफियत त्यांचीच असावयाची, परंतु लिहिणारे आम्ही होतो. 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या बेटांवरील व्यापारी वृक्षतोडीवर निर्बंध घातले, तेव्हा माझ्या जुन्या सहकाऱ्यांपैकी काहींना गिरणीची कणव आली. मला आली नाही. आणि तरी पडौकाच्या त्या पहिल्या कापाची आठवणही मी टाकून देऊ शकलो नाही. या दोन गोष्टींचा मेळ बसावा असा माझा आग्रहही नाही.

बेटांवरून लाकडी सामान बाहेर न्यावयाचे तर वनखात्याचा परवाना लागे, आणि खात्याच्या हिशेबनिसासही त्यातून सूट नव्हती. माझ्याच मेजाचा अर्ज माझ्याच मेजावर आला, त्यावर मीच ‘नियमानुसार’ असा शेरा मारून तो वरिष्ठांकडे पाठविला. पुढे नागपूर, सोलापूर, पुणे असे ते माझ्याबरोबर हिंडले. वाळवीने शेजारचे कपाट पोखरले तरी याच्या वाटेस ती गेली नाही, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात दारे-खिडक्या आकसल्या तेव्हाही याचा एक सांधा हलला नाही. रंग मात्र राहिला नाही. प्रकाशाने पडौकाचा लालपणा हळूहळू उतरून तपकिरी होतो. आतून, जेथे दौत आणि टाक ठेवण्याचा कप्पा आहे, तेथे तेवढा तो टिकून आहे.

मध्यंतरी सुतार घरी आला होता. मेज पाहून त्याने किंमत सांगितली ती ऐकून माझी पत्नी चकित झाली; तसे लाकूड आता सहजी मिळत नाही, हे त्याचे म्हणणे खरेच होते. मी त्याला चहा देऊन बोळविले. मेज आमच्या कन्येकडे जावयाचे, हे ठरलेलेच आहे. तिचे म्हणणे एवढेच, की वरचा थर घासून पॉलिश केले तर मूळचा लाल रंग वर येईल. माझे म्हणणे असे, की घासल्याने हातोड्याची खूण जाईल. तिची आई तिच्या बाजूची आहे, आणि प्रकरण अद्याप विचाराधीन आहे.