सातवा अध्याय

दौलताबादच्या किल्ल्यावर मी पहिल्यांदा गेले, तेव्हा वाटाड्यानं मेंढा तोफ दाखवली, खंदक दाखवला, अंधारीत शिरलेल्या शत्रूची कशी फसगत व्हायची तेही रंगवून सांगितलं. नाचाचा विषय निघाला नाही. मीही विचारलं नाही, कारण शार्ङ्गदेवाचं नाव तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

तेराव्या शतकात, हा किल्ला देवगिरी असताना, सिंघण यादवाच्या पदरी हा माणूस होता. घराणं मूळ काश्मीरचं, काम राज्याच्या हिशेबाचं. त्यानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याचा सातवा, शेवटचा अध्याय म्हणजे नर्तनाध्याय. मान, नजर, भुवई, हात, पाऊल अशा एकेका अवयवाच्या हालचाली त्यानं नावानिशी मांडल्या. हिशेबनिसाचीच चिकाटी ती! पण हे लिहिण्याआधी त्यानं कितीजणींचा नाच डोळे भरून पाहिला असेल? आपल्या हाती शास्त्र आलं, त्या नाचणाऱ्या मात्र काळाआड गेल्या.

रंगमंचाचं हेच दुःख आहे. पडदा पडला की नाच संपला. सिनेमा तो धरून ठेवतो, पण धरतो तेव्हा बरंच निसटतं. ‘मुघल-ए-आझम’ 1960 साली आला. त्यातला पनघटाचा नाच आठवला की डोळ्यांपुढे मधुबाला उभी राहते, आणि ते रास्तच आहे. पण तो नाच बसवला होता लखनौ घराण्याच्या लच्छू महाराजांनी. ती नजाकत त्यांची, चेहरा दुसऱ्याचा.

याच लच्छू महाराजांकडे पुण्याच्या रोहिणी भाटे, म्हणजे बेबीताई, शिकल्या. महाराजांची तालीम पडद्यावर जेवढी दिसते, त्याहून कितीतरी अधिक ती बेबीताईंच्या शिष्यांच्या अंगात मुरली, असं मला ठामपणे वाटतं. बेबीताईंनी 1947 मध्ये ‘नृत्यभारती’ काढली आणि 2008 मध्ये जाईपर्यंत नाचाचाच ध्यास घेतला. रंगमंच गाजवला, पिढ्या घडवल्या आणि जुने ग्रंथही उघडले. ‘अभिनयदर्पणा’च्या आधारानं ‘कथक दर्पण दीपिका’ लिहिली. पोथीतला शब्द पुन्हा पावलात उतरवायचा, तर असा गुरू लागतो.

माझी भाची संभाजीनगरात कथक शिकते. एकदा तिच्या वर्गाच्या दाराशी उभी होते. बाईंनी तिच्या खांद्याला नुसतं बोट लावलं, खांदा खाली आला आणि हात एकदम बोलायला लागला. पुस्तकात हे सांगता येत नाही, कॅमेऱ्यातून शिकवता येत नाही.

याच शहरात 1996 पासून ‘महागामी’ गुरुकुल आहे. पार्वती दत्ता तिथे कथक आणि ओडिसी शिकवतात आणि शार्ङ्गदेवाच्या नावानं समारोह भरवतात. किल्ला बघायला याल तेव्हा एक संध्याकाळ त्या घुंगरांसाठीही राखून ठेवा. आणि बरोबर मुलं असतील, तर तोफेपाशी त्यांना एवढं जरूर सांगा: नर्तनाध्याय लिहिणारा माणूस इथल्याच दरबारात होता.