परीक्षक बदलताना

परीक्षा ही आम्हा प्राध्यापकांचीच मिरासदारी आहे, असे मला बरीच वर्षे वाटत असे. संगणकाचे प्रोग्राम लिहिणारी मंडळी दिवसातून दहा वेळा परीक्षा भरवतात, हे मला पुतणीमुळे कळले. एका कंपनीत ती पगाराचा हिशेब करणारा प्रोग्राम सांभाळते. प्रोग्रामच्या लहानशा तुकड्याला एक प्रश्न विचारायचा, अपेक्षित उत्तर आले तर हिरवी खूण, नाही तर तांबडी. जावा भाषेत हे काम करणाऱ्या साधनाचे नाव ‘जेयुनिट’. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ साली झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात बसून ते लिहायला घेतले. (मला विमानात साधे वर्तमानपत्र उलगडता येत नाही!)

गेल्या वर्षी पुतणीच्या कचेरीने २००६ ची चौथी आवृत्ती सोडून २०१७ ची पाचवी घ्यायचे ठरवले. काम वरवर कारकुनी. नापासाचा शेरा पूर्वी आधी लिहीत, आता शेवटी. वगळलेल्या चाचणीवर पूर्वी ‘इग्नोर’ अशी चिठ्ठी असे, आता ‘डिसेबल्ड’. मराठीच्या मास्तराला हा बदल आवडला. दुर्लक्ष करणे निराळे आणि समजूनउमजून बंद ठेवणे निराळे.

शुक्रवारी संध्याकाळी निकाल लागला. सगळे हिरवे! मंडळी चहाला निघाली. पुतणी मात्र आकडे पाहत बसली. आधी बाराशे चाळीस चाचण्या होत्या, आज नऊशे दहा. बाकीच्या नापास नव्हत्या; त्या परीक्षेला बसल्याच नव्हत्या.

कारण मोठे मासलेवाईक होते. ‘टेस्ट’ ही चिठ्ठी दोन्ही आवृत्त्यांत त्याच नावाची. ती मागवायचा पत्ता तेवढा निराळा. काही फायलींत जुनाच पत्ता राहिला होता. दुसऱ्या एका साधनाच्या सोबतीने जुने जेयुनिटही घरात टिकून होते, म्हणून कुठे कुरकुर झाली नाही. नवा परीक्षक ‘ज्युपिटर’ आपल्या चिठ्ठीच्या चाचण्या तेवढ्या घेतो, परक्यांकडे ढुंकून पाहत नाही. जुन्यांसाठी ‘व्हिंटेज’ नावाचा दुसरा परीक्षक नेमावा लागतो, तो कुणी नेमलाच नव्हता. (२०२५ च्या सहाव्या आवृत्तीत त्या बिचाऱ्यालाही निवृत्तीची सूचना मिळाली आहे.)

“हिरवे आहे ना? मग सोमवारी जाऊ दे,” साहेब म्हणाले.

“काका, नापास झालेला निदान डोळ्यांसमोर असतो हो,” पुतणी मला फोनवर सांगत होती, “न आलेला कुणाला दिसणार?” मला परीक्षेचा हॉल आठवला. उत्तरपत्रिका मोजून हजेरीशी जुळल्यावाचून आम्ही गठ्ठा बांधत नाही. ते काम कंटाळवाणे म्हणून मी स्वतः कितीदा तरी चरफडलो आहे.

शनिवारी तिने व्हिंटेजला कामावर घेतले. आकडा बाराशे चाळीसवर आला आणि दोन खुणा तांबड्या झाल्या. दोन्ही चाचण्या महिन्याच्या मध्यात नोकरी सोडणाऱ्यांच्या पगाराच्या होत्या. त्याच आठवड्यात कुणीतरी हिशेबाची एक ओळ ‘सुधारली’ होती, आणि त्या सुधारणेपायी अशा माणसांचा एकेक दिवसाचा पगार बुडणार होता.

साहेबांनी सोमवारचा बेत गुरुवारवर ढकलला. आता जुन्या फायली एकेक करून नव्या पत्त्यावर जात आहेत, आणि रोज संध्याकाळी पुतणी आधी आकडा बघते, मग रंग.